चार पाटे आणि एक घरचा

आमची पिकअप पहिल्या वर्षी शर्यतीत उतरली तेव्हा अर्ध्या वाटेवर तिची पुढची चाकं थरथरायला लागली. थोडीथोडकी नव्हे, बॉनेट दोन्ही बाजूंना हलताना लांबून दिसत होतं. माझा दीर गाडी चालवत होता. त्याने पेडलवरून पाय काढला, गाडी पट्टी सोडून गवतात गेली आणि थांबली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. मार बसला तो आमच्या दुकानाला.

मुलुंडला आग्रा रोडवर, चेकनाक्याच्या अलीकडे आमचं दुकान. काम एकच, गाड्यांचे पाटे. चाकांच्या वर एकावर एक रचलेल्या, बाक दिलेल्या पोलादी पट्ट्या असतात, त्या पाटे. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. तुटलेला पाटा बदलायचा, बसलेला पाटा भट्टीत लाल करून त्याला पुन्हा बाक द्यायचा, आणि सोसवत नाही इतका माल भरणाऱ्याला एखादा पाटा वाढवून द्यायचा. माझ्या नवऱ्याने वीस वर्षं हेच केलं. आता अशा दुकानाच्या स्वतःच्या गाडीची पुढची चाकं शेकडो माणसांसमोर नाचली, तर लोक काय म्हणणार?

म्हणालेच. विटांचा ट्रक चालवणारा एक आमचा जुना गिऱ्हाईक होता. त्या आठवड्यात त्याने दुकानासमोर ट्रकचा वेग कमी केला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "काय वहिनी, तुमची गाडी लेझीम खेळते म्हणे!"

"या ना, तुम्हालाही शिकवते," मी म्हटलं.

तो हसत पुढे गेला, आणि पाटे बदलायला नाक्यापलीकडच्या दुकानात थांबला. मी पायरीवरून पाहत होते. मग दुसरा गेला, तिसरा गेला. दिवाळीपर्यंत आमची भट्टी आठवड्यातून तीन दिवस थंड राहायला लागली.

त्याच थंडीत एक ॲक्सल उचलताना माझ्या नवऱ्याची पाठ गेली. डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधला आणि सांगितलं, सहा महिने वाकायचं नाही. मग ते दुकानात खुर्ची टाकून बसायला लागले आणि मी वाकायला लागले. तोवर मी बिलं लिहायचे, माप घ्यायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे. पाटा हातात घेतला की कुठे तडकणार ते मला कळत होतं. फक्त ते मी कुणाला सांगत नव्हते.

पिकअप मूळची अमेरिकन, पन्नास सालाच्या आसपासची. माहुलकडच्या एका कारखान्यातून मोडीत निघाली होती. नवऱ्याने ती माल आणायला घेतली. दीर गिरणीत फिटर होता. संपानंतर गिरणी पुन्हा उघडलीच नाही, तेव्हा तो आमच्याकडे आला आणि रिकाम्या हातांना काम म्हणून त्याने त्या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन खोललं. बंद केलं तेव्हा ते दुसरंच इंजिन झालं होतं. पश्चिमेकडच्या एका जुन्या विमानपट्टीवर वर्षातून एकदा मोटारींच्या शर्यती व्हायच्या. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सरळ पाव मैल पळवायच्या, पुढे जाईल ती जिंकली. वळण नाही, घाट नाही. दिराला वाटलं, सरळच तर जायचंय. सरळ जाणं किती अवघड ते आम्हाला गवतात गेल्यावर कळलं.

"पुन्हा उतरायचं," मी जानेवारीत म्हटलं.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" नवरा म्हणाले. "एकदा वाट लागली ती पुरे नाही झाली?"

"लोकांनी वाट लागलेली पाहिली. आता सरळ गेलेली पाहू देत. नाहीतर हे दुकान चालणार नाही. त्या खुर्चीत बसून तुम्हीच मोजताय ना, दिवसाला किती ट्रक थांबतात ते."

 त्यांनी बोट उचलून अट घातली, "इंजिनला हात लावायचा नाही. इंजिनाची चूक नव्हती."

"इंजिनाची नव्हतीच," मी म्हटलं. "चूक पुढची होती. म्हणजे आपली."

पुढच्या भागात काय ठेवायचं आणि काय बदलायचं, यावर आमच्या घरात चार महिने वाद झाला. दिराला सगळंच नवं हवं होतं. आमच्या पिकअपला पुढे एक सरळ आडवा दांडा, त्याच्या दोन टोकांना दोन चाकं आणि वर पाटे. जुनी, बैलगाडीची रीत. दिराचं म्हणणं, हे कापून फेकून द्यायचं आणि एखाद्या मोठ्या विलायती मोटारीचा पुढचा भाग बसवायचा. त्यात प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं, पाट्यांऐवजी गोल स्प्रिंगा असतात.

"वहिनी, कुर्ल्याला एक पीस आलाय. झकास आहे यार, तू बघच," तो म्हणाला.

मी त्याच्याबरोबर बघायला गेले. जाताना पिशवीत एक लोहचुंबक, दोरीचं बंडल आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेतला. कुर्ल्याच्या भंगार बाजारात एका दुकानदाराने तो पुढच्या भागाचा सांगाडा लाकडी पेटीवर मांडून ठेवला होता, काळाभोर रंग दिलेला.

"भाभी, एकदम फर्स्टक्लास माल. सीधा बिठाव और चलाव."

मी दोरी लावून एका बाजूचं अंतर घेतलं, मग दुसऱ्या बाजूचं. दोन्हींत बोटभर फरक. दिराने नजर चुकवली. मग चाक धरणाऱ्या खालच्या एका लोखंडी हातावर चुंबक फिरवला. सगळीकडे चिकटला, एका ठिकाणी गळून पडला. तिथे मी पॉलिश पेपर मारला. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, आणि लांबीखाली वेल्डिंगचा सांधा, आडवा, बोटाएवढा.

"हे काय?" मी विचारलं.

"वो तो ऐसेही है, भाभी. कंपनी से आता है."

"कंपनी लांबी भरून देते?"

तो हसला. माणूस वाईट नव्हता, धंदा करत होता. मी त्याला म्हटलं, हे राहू दे, तुझ्याकडे जुन्या इंग्रजी मोटारींचे हातवाले शॉकॲब्सॉर्बर आहेत का? त्याने मागून एक पोतं ओढून आणलं. त्यातून मी चार उचलले, बाजूला दांडीसारखा हात असलेले. ते कशासाठी ते पुढे सांगते.

परतताना दीर फुगून बसला होता. "म्हणजे बैलगाडीच ठेवायची?"

"बैलगाडी सरळ जाते," मी म्हटलं. "तो सांगाडा बसवायचा तर चासी कापावी लागेल. कापली की पुन्हा काटकोनात कोण आणणार? तू? आणि आपण पाट्यांची माणसं. जे आपल्याला कळतं त्यात चूक झाली तर आपल्याला सापडेल. त्यात झाली तर कुणाला सापडणार?"

हे त्याला पटलं. पटलं म्हणजे दोन दिवसांनी तो दांडा घासून साफ करायला बसला.

आता चूक कुठे होती ते शोधायचं होतं. मी दुकानाच्या फरशीवर गाडी उभी केली आणि गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिला किंगपिन म्हणतात. सायकलचा पुढचा दांडा जसा वरून थोडा मागे कललेला असतो, तशी ही खिळी वरून मागे कललेली हवी. म्हणून तर सायकलचे हात सोडले तरी ती सरळ जाते. ओळंबा लावून पाहिलं तर आमची खिळी मागे नव्हतीच, उभी होती, उलट केसभर पुढेच. कारण सरळ होतं. आदल्या वर्षी मागे मोठी चाकं चढवली, मागची बाजू उंच झाली, गाडी नाकावर झुकली आणि तिच्याबरोबर खिळ्याही झुकल्या. सगळ्यांनी इंजिन पाहिलं, चाकं पाहिली. ओळंबा कुणी लावला नाही.

"हे मला दिसायला हवं होतं," नवरा खुर्चीतून म्हणाले.

"तुम्ही वरून पाहत होतात," मी म्हटलं. मी फरशीवर आडवी पडले होते.

उपाय सोपा होता. पाटे आणि दांडा यांच्यामध्ये पोलादाची पाचर. ती आधी बाभळीच्या लाकडाची करून पाहिली, दोनदा तासली, ओळंबा मनासारखा लागला तेव्हा लेथवाल्याकडे दिली आणि सांगितलं, हुबेहूब अशी, शहाणपणा नको. किंगपिन नव्या घातल्या, बुश नवे. चाक हातात धरून हलवलं तर पूर्वी खडखड वाजायचं. आता नुसतं फिरायचं.

पुढचा वाद पाट्यांचा, आणि तो मोठा झाला.

दिराने रद्दीतून एक परदेशी मासिक आणलं होतं. त्यात अशीच एक पिकअप सुटतानाचा फोटो होता. तिचं नाक हवेत, मागची बाजू जमिनीला टेकलेली. दीर त्या गाडीचा रंग पाहत होता. मी नाक पाहत होते. आमची गाडी सुटताना नाक उचलतच नव्हती. मागची चाकं जागच्या जागी फिरत होती, धूर होत होता आणि शेजारची गाडी निघून जात होती. चाकांवर भार पडल्याशिवाय ती जमीन धरत नाहीत. नाक उठलं तर भार मागे जाईल. आणि आमचं नाक उठत नव्हतं, कारण नवऱ्याने पुढे सात पाटे भरले होते.

"सात लागतातच," नवरा म्हणाले. "सहा मूळचे. एक मी वाढवला, मजबुतीला."

"कशाच्या मजबुतीला? पुढे विटा भरायच्यात का?"

"अगं, पाटे कमी करून गाडी मजबूत झालेली कुणी पाहिली आहे?"

"मजबूत नकोच आहे. नरम हवी आहे. चार पाटे, बाक जास्त. म्हणजे उभी असताना दबून बसेल आणि सोडली की उसळेल."

"मी वीस वर्षं पाटे भरतोय."

"तेच तर. भरताय."

 संध्याकाळी त्यांनी खुर्चीतून हात पुढे केला, "बाकाचा साचा दे इकडे. चारच करायचे तर नीट कर. पोटात दोन बोटं जास्त घे." साच्यावर त्यांनी स्वतः खडूने रेघ काढून दिली. माझ्या अंदाजापेक्षा ती रेघ बरोबर होती, हेही लिहून ठेवते.

शॉकॲब्सॉर्बरचं मला बँकेत सुचलं. तिथलं मोठं काचेचं दार हाताने पटकन उघडायचं आणि सोडलं की सावकाश, सूं सूं करत मिटायचं. आम्हाला तेच हवं होतं. नाक पटकन उठावं, पण खाली सावकाश यावं, आपटू नये. बाजारात मिळतात ते शॉकॲब्सॉर्बर नेमके उलटे, मिटायला सोपे, उघडायला जड. पण जुन्या हातवाल्यांच्या आत दोन वेगळ्या झडपा असतात, एक उघडण्याची, एक मिटण्याची. दोन्हींच्या स्प्रिंगांची अदलाबदल केली की झालं. दिराने चार खोलले, त्यातून दोन चांगले जमवले. दांड्यावर बसवण्याआधी ते माझ्या हातात दिले. एकाची दांडी धरून वर ओढली, लोण्यासारखी गेली. खाली दाबली तर तिथेच अडकल्यासारखी, मग हळूहळू उतरली.

"बँक," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. लाव."

पाटे बसवायचं काम मिस्त्रींचं. मिस्त्री मालवणकडचे, नवऱ्याच्या आधीपासून या धंद्यात. पाटे रचून आवळावे तर त्यांनीच. त्यांच्या हाताखालून गेलेला गठ्ठा ट्रक उलटला तरी सुटत नसे. चार पाटे ऐकल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"वैनी, चार पाट्यांवर गाडी नाक घासतली."

"घासली तर मी बघेन. चारच घाला, मिस्त्री."

"घालतंय." असं म्हणून ते गाडीखाली गेले. मी एका ट्रकवाल्याचं माप घ्यायला बाहेर गेले. बाहेर गेले ती माझी चूक.

चाचणी आम्ही रविवारी सकाळी ठेवली. त्या काळात रविवारी सकाळी टीव्हीवर देवादिकांची मालिका लागायची आणि तासभर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. नाहूरकडे मिठागरांच्या बाजूला एक लांब, सरळ रस्ता होता. दीर, मिस्त्री आणि मी गाडी घेऊन गेलो. मागे माल ठेवतात तिथे आम्ही खुर्ची बांधली होती आणि खुर्चीत नवरा, कमरेला पट्टा, डोक्याला मफलर. घरी थांबायला ते तयार नव्हते.

नाक किती उठतं ते डोळ्यांनी कळणार नव्हतं. म्हणून मी चासीवर एका जागी गेरूचा पट्टा ओढला आणि दांड्याला एक खिळा बांधला, टोक गेरूला टेकेल असा. नाक उठलं की खिळा गेरूवर ओरखडा काढणार. जेवढा ओरखडा, तेवढं उठलं. माझ्या हिशेबाने चार बोटं यायला हवी होती.

नवऱ्याला खुर्चीसकट खाली उतरवलं. दिराने गाडी गरम केली आणि सोडली. धूर झाला, रबराचा वास आला, गाडी गेली. सरळ गेली. हात सैल ठेवूनही सरळ. पाचर आणि किंगपिन यांनी आपलं काम केलं होतं. पण सुटताना पुन्हा तेच, चाकं जागच्या जागी फिरली. मी वाकून गेरू पाहिला. एक बोट. तेही लहान मुलाचं.

"बघ," नवरा म्हणाले. सातचा आकडा काढला नाही, तेवढी माणुसकी दाखवली.

मी रस्त्यावर आडवी झाले आणि चाकामागे डोकं घातलं. शॉकॲब्सॉर्बर ठीक होते. पाट्यांच्या टोकाची कडी, म्हणजे शॅकल, मोकळी होती. मग मी पाट्यांवर बोट ठेवून मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच.

पुन्हा मोजले. दुसऱ्या बाजूला जाऊन मोजले. तिकडेही पाच.

"मिस्त्री," मी खालूनच विचारलं, "हा पाचवा कुठून आला?"

 मला त्यांच्या चपला दिसत होत्या, उजवी डावीवर चढत होती.

"वैनी," ते शेवटी म्हणाले, "तो घरचो पाटो."

आता हे सांगायला हवं. आमच्या दुकानात एक रीत होती. जुना गिऱ्हाईक, घरोब्याचा माणूस असला की मिस्त्री त्याच्या गठ्ठ्यात एक पाटा जास्तीचा घालायचे, न सांगता, न मागता. त्याला घरचा पाटा म्हणायचे. घाटात माणूस अडकू नये म्हणून. बिलात तो कधी लिहिला जायचा नाही. गिऱ्हाइकाला कळायचं ते सहा महिन्यांनी, जेव्हा शेजारच्याचे पाटे बसलेले असायचे आणि त्याचे नसायचे. ही रीत माझ्या सासऱ्यांनी पाडली, आणि आमच्या दुकानाचं नाव होतं ते तिच्यावर होतं.

"भायरच्या गिऱ्हायकाक घालतंव," मिस्त्री म्हणाले, "आणि आपल्याच गाडयेक नको? माझो हातच ऐकूक नाय, वैनी. चार रचले, आणि हात आपसूक पाचव्याकडे गेलो."

दिराने कपाळाला हात लावला. नवरा खुर्चीत हसायला लागले. हसल्याने पाठ दुखली म्हणून शिवी देत हसत होते. मला हसू आलं नाही. मालिका संपायला अर्धा-पाऊण तास होता. नंतर त्या रस्त्यावर क्रिकेटचे चार डाव मांडले जाणार होते.

"काढा," मी म्हटलं.

"आता? हंय? रस्त्यार?"

"जॅक आहे, पाने आहेत. तुम्ही आवळलेलं तुमच्याशिवाय कुणाला सुटणार?"

त्यांनी टोपी काढून खिशात घातली आणि गाडीखाली गेले. इतक्या वेगाने पाटे सुटलेले मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. दीर जॅक धरून होता, मी एकेक नट पदराच्या टोकात धरत होते. डाव्या बाजूचा पाटा निघाला, मग उजव्या. मिस्त्री दोन्ही पाटे नवऱ्याच्या पायाशी ठेवून म्हणाले, "घेवा सांभाळून."

गेरूचा पट्टा मी पुन्हा ओढला. दिराने गाडी सोडली.

या वेळी मोजावंच लागलं नाही. नाक उठलं. फोटोतल्यासारखं नव्हे, पण उठलं, मागची बाजू बसली आणि गाडी जागेवरून उडाल्यासारखी गेली. धूर नाही. मग नाक सावकाश खाली आलं, बँकेच्या दारासारखं. मी तरीही जाऊन बोटं लावली. चार बोटं आणि वर नखभर.

"किती?" नवऱ्याने ओरडून विचारलं.

"चार!"

"वर थोडं असेल बघ," ते म्हणाले. "रेघ माझी होती."

शर्यतीच्या दिवशी ऊन कडक होतं. विमानपट्टीच्या दोन्ही बाजूंना दोर बांधले होते. आदल्या वर्षी आमची गाडी जिथे गवतात गेली, बरोबर त्या जागी गर्दी जास्त होती. लोकांना चांगलं आठवत होतं. त्या गर्दीत आमचा विटावाला होता, क्लीनरला घेऊन आलेला. मला पाहून त्याने हाताने लेझीम खेळून दाखवलं. मी हात केला.

तपासनिसांनी गाडीखाली पाहिलं आणि एकाने विचारलं, "पुढे फक्त चारच? विसरलात की काय?"

"मोजून घातलेत," मी म्हटलं. "दोनदा."

पहिली धाव एका जीपबरोबर होती. ती आम्ही सहज घेतली. दुसऱ्यात एक जुनी इंग्रजी मोटार, तीही. शेवटच्या धावेला समोर आली एक लांबलचक विलायती गाडी, अंधेरीच्या एका गॅरेजची. आठ सिलिंडर. तिचा नुसता आवाज ऐकून लोक टाळ्या वाजवत होते. आमच्या दिराने काच खाली केली आणि माझ्याकडे पाहिलं. दोन्ही मुठी स्टिअरिंगवर आवळलेल्या. आदल्या वर्षी स्टिअरिंग नाचलं होतं ते त्याच्या हातात, माझ्या नव्हे.

"घट्ट धरू नकोस," मी म्हटलं. "ती जाईल सरळ. तू फक्त मध्ये येऊ नकोस."

झेंडा पडला. विलायती गाडीने भला मोठा धूर काढला. आमच्या गाडीने नाक उचललं आणि ती निघाली. मी गेरू लावला नव्हता, पण मला बोटं दिसत होती. चार. विलायती गाडीची चाकं जमीन धरेपर्यंत आमची गाडी दोन गाड्यांएवढी पुढे होती. मग तिच्या इंजिनाने जोर धरला आणि ती मागून यायला लागली. आदल्या वर्षीची ती जागा आली. गर्दी दोरावर वाकली. मी पुढच्या चाकांकडे पाहत होते, दुसरीकडे कुठेच नाही. चाकं फिरत होती. फक्त फिरत होती. बॉनेट स्थिर, आखून दिलेल्या रेघेवरून चालल्यासारखं. ती जागा मागे पडली, विलायती गाडी आमच्या दारापर्यंत आली, तिथेच पट्टी संपली.

आम्ही जिंकलो होतो. आणि पलीकडच्या टोकाला आमच्या गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, मग त्याच खिडकीतून दुसराही. त्या गाढवाने स्टिअरिंग सोडलं होतं, लोकांना दाखवायला. गाडी सरळच जात राहिली. नंतर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. पण त्या क्षणी मी हात वर करून ओरडत होते, असं नवरा सांगतात. मला आठवत नाही.

गाडी परत आली तेव्हा तिच्याभोवती कोंडाळं झालं. माणसं गुडघ्यांवर बसून, वाकून पुढचे पाटे मोजत होती. कुणीतरी विचारलं, "हे ठरवलं कुणी?" नवरा खुर्चीत बसून होते. त्यांनी अंगठा माझ्याकडे केला. "हिने. मी सात म्हणत होतो." एवढं बोलून त्यांनी चहा मागितला. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "मी पाच म्हणत होतंय."

सोमवारी दुकान उघडायला गेले तेव्हा शटरसमोर तीन ट्रक उभे होते. पहिला विटांचा. विटावाला खाली उतरला, चप्पल घासत उभा राहिला.

"वहिनी, पाटे करायचेत."

"करू की. भट्टी पेटतेच आहे."

"पण कसे, तुमच्या गाडीसारखे. चार."

"चार?"

"हो. एकदम सरळ जाते ना गाडी. काय सुटली काल! मला पण तसेच द्या."

"तुम्ही विटा भरता की शर्यत पळवता?"

"विटाच."

"मग चार घातले तर नाक्यापर्यंत पोचाल आणि तिथे बसाल. तुमचे होते तेवढेच राहतील, एकही कमी नाही. सरळ जायला तुमच्या किंगपिन बघाव्या लागतील. त्या खडखडतायत, मला इथून ऐकू येतंय. गाडी आत घ्या."

त्याने गाडी आत घेतली. तो दिवस आणि त्यानंतरचे कित्येक दिवस मला हीच समजूत घालावी लागली. प्रत्येकाला चारच पाटे हवे होते, आणि मी प्रत्येकाला नको म्हणत होते. नाही म्हणायला एवढी गर्दी आमच्या दारात कधी जमली नव्हती.

संध्याकाळी विटांच्या ट्रकचा गठ्ठा आवळायची वेळ आली. मिस्त्रींनी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. हातात आमच्या पिकअपमधून काढलेल्या दोन पाट्यांपैकी एक होता. त्यांनी गाडीकडे पाहिलं, बाहेर बिडी ओढत उभ्या विटावाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "ह्येका घरचो घालू?"

लेझीम आठवलं. नाक्यापलीकडचं दुकानही आठवलं. मग विटांचा भार आठवला.

"घाला," मी म्हटलं, आणि बिल लिहायला घेतलं. त्यात तो पाटा लिहिला नाही.